यंत्र विकले, पण किल्ली ठेवून घेतली

जून महिन्यातील एक सकाळ. कामशेतच्या पलीकडच्या एका वाडीवरून सत्तरी ओलांडलेले एक आजोबा भर पावसात आमच्या धर्मग्रामाच्या कचेरीत आले. त्यांना स्वतःच्या बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता. जन्माची सरकारी नोंद कधी झालीच नव्हती. वयाचा पुरावा म्हणून एवढा एकच कागद त्यांच्या हाती येण्यासारखा होता. नोंदवही काढली, नोंद सापडली, दाखल्याचा मजकूर संगणकावर तयार झाला. छापण्याची आज्ञा देताच प्रिंटरचे दोन दिवे आळीपाळीने लुकलुकू लागले. कागद जागचा हलला नाही.

शाई भरलेली होती. कागद कुठे अडकला नव्हता. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, तरी दिवे तसेच. मग माहितीपुस्तिका शोधली. ती अनेक भाषांत होती. मराठी तेवढी नव्हती. इंग्रजी पानावर त्या दोन दिव्यांच्या चित्रापुढे एकच ओळ छापलेली होती : अधिकृत सेवाकेंद्राशी संपर्क साधावा. अखेर मी दाखला हाताने लिहिला, सही केली, शिक्का मारला. आठ दिवसांनी आजोबा पुन्हा दारात उभे. ज्या कचेरीत दाखला द्यायचा होता तेथल्या कारकुनाने तो परत केला होता. “फादर, ते म्हणतात छापील आणा,” एवढेच ते म्हणाले. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. तक्रार मी करीत आहे.

काही वाचक म्हणतील, एका प्रिंटरवर धर्मगुरूने एवढे संतापावे कशाला? दुसरा घ्यावा आणि कामाला लागावे. नेमक्या याच सल्ल्याविरुद्ध मला लिहायचे आहे.

तळेगावच्या एका तरुण कारागिराने ते यंत्र उघडले आणि दहा मिनिटांत खरे कारण सांगितले. या जातीचा प्रिंटर अधूनमधून आपली शाईची तोंडे धुतो. त्या धुण्यातली शाई यंत्राच्या तळाशी ठेवलेल्या स्पंजासारख्या गादीत मुरते. किती शाई मुरली असेल याचा अंदाजी हिशेब यंत्रातील एक गणक ठेवतो. हिशेब ठरावीक आकड्यापर्यंत पोचला की यंत्र स्वतःहून काम थांबवते. शाई सांडून टेबल खराब होऊ नये हा त्यातला हेतू. तो वाईट नाही. गादी बदलणे हे पाच-दहा मिनिटांचे काम आणि गादीची किंमत क्षुल्लक. परंतु गादी बदलली तरी गणक शून्यावर आणल्याशिवाय यंत्र हलत नाही, आणि गणक शून्यावर आणण्याची युक्ती कंपनी फक्त आपल्या सेवाकेंद्राला देते. माहितीपुस्तिकेत गादीचा उल्लेख नाही, गणकाचाही नाही. सेवाकेंद्राने सांगितलेला खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या इतका जवळ होता की तेथला माणूसच म्हणाला, “फादर, नवीनच घ्या ना!”

वाचकहो, म्हणजे यंत्र मोडले नव्हते. थांबायचे केव्हा हे त्याला कारखान्यातच शिकवून ठेवले होते, आणि ते ज्याने विकत घेतले त्याच्यापासून लपवले होते. घर विकायचे, पण एका खोलीची किल्ली आपल्या खिशात ठेवायची आणि पाच वर्षांनी त्या खोलीचे भाडे मागायला यायचे, अशी ही विक्री आहे. घराच्या व्यवहारात असे कोणी केले तर आपण त्याला पंचांसमोर उभे करू. संगणकाच्या व्यवहारात मात्र आपण मान खाली घालून पाकीट काढतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरे काय!

मावळातल्या माणसाला हे दुखणे शहरापेक्षा अधिक सोसावे लागते. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात भिंती पाझरतात, पुस्तकांवर बुरशी येते, कपाटातील झग्यांना कुबट वास येतो. अशा ठिकाणी विकलेल्या यंत्राच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते की हवेतील आर्द्रता ऐंशी टक्क्यांहून अधिक नसावी. याचा अर्थ, जून ते सप्टेंबर लोणावळ्यात संगणक चालवणे हा ग्राहकाचाच अपराध! दुकानदार हे विक्रीच्या वेळी सांगत नाही. हमीच्या काळात यंत्र बंद पडले म्हणजे त्याला ती ओळ आठवते. तीच गोष्ट विजेची. लोणावळा, वळवण आणि शिरवता येथील तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून १९१५ पासून मुंबईला वीज गेली. त्याच तलावांच्या भोवतालच्या वाड्यांवर आजही पावसाळ्यात दिवा कधी मंद होतो, कधी भपकन उजळतो. यंत्राला अर्थिंग कसे असावे, दाब किती कमी-जास्त चालेल, वीज कडाडू लागली की कोणकोणत्या तारा काढाव्यात, हे चार ओळींत मराठीत सांगायला काय हरकत होती? त्या चार ओळी नसल्यामुळे किती घरांतले संगणक जळाले, हे कारागिरांना विचारा.

मग सुरू होते ती सेवाकेंद्राची वारी. केंद्र पुण्यात. यंत्र प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून लोकलने न्यायचे. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव करीत शिवाजीनगर. तेथे क्रमांक घेऊन बसायचे. ‘भाग मागवला आहे’ असे ऐकून परत यायचे. पुन्हा जायचे, तेव्हा ‘हे मॉडेल आता बंद झाले’ असे ऐकायचे. ज्या तरुणाने तळेगावात दहा मिनिटांत रोग ओळखला त्याच्या हाती ना नकाशा, ना सुटा भाग, ना गणकाची किल्ली. आणि त्याने यंत्र उघडले एवढ्याने हमी रद्द झाली म्हणून सांगणारे पुन्हा हेच. ज्ञान ज्याच्या बोटांत आहे त्याला ‘अनधिकृत’ म्हणायचे आणि ‘नवीनच घ्या’ म्हणणाऱ्याला ‘अधिकृत’!

हा अनुभव मला पहिल्यांदा आला तो १९९८ साली. मी तेव्हा नवदीक्षित धर्मगुरू, दुसऱ्या एका धर्मग्रामात साहाय्यक होतो. कचेरीत पहिला संगणक आला आणि जुन्या नोंदवह्यांची मराठी सूची करण्याचे काम मोठ्या उत्साहाने माझ्यावर सोपवण्यात आले. देवनागरी अक्षरांचा जो संच विकत घेतला होता त्याच्याबरोबर काडेपेटीएवढे एक कुलूप आले होते. ते संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरच्या खाचेत बसवावे लागे. ते काढले की मराठी अक्षरे नाहीशी. अनेक महिने खपून सूची पूर्ण झाली. २००७ साली ते कुलूप निकामी झाले. विक्रेता म्हणाला, तो संच आता मिळत नाही, नवा घ्या. नव्या संगणकाला ती खाचच नव्हती. नव्या संचात जुनी सूची उघडली तर ‘मारिया’ आणि ‘पेद्रू’ यांच्या जागी रोमन अक्षरे, चिन्हे आणि ठिपके यांची खिचडी. कोणत्या अक्षराला कोणता अंक दिला आहे, हे त्या कंपनीने कोठेही छापलेले नव्हते. सर्व श्रम पाण्यात गेले.

आणि हे घडत होते कोणत्या काळात? भारतीय लिप्यांसाठी एक समान संकेत भारतीय मानक म्हणून १९९१ मध्येच प्रसिद्ध झाला होता. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीला स्थान मिळाले. आपल्या पुण्यातच १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली, आणि संगणकाच्या आत बसवून भारतीय लिप्या पडद्यावर आणणारे जिस्ट कार्ड तेथून लोकांपर्यंत गेले. उघडा, सर्वांना वापरता येईल असा मार्ग उपलब्ध होता. तरीही अनेक व्यापाऱ्यांनी आपापली गुप्त मांडणी चालवली, कारण गुप्ततेत ग्राहक बांधला जातो. मराठीतील किती मासिकांचे, किती दिवाळी अंकांचे जुने मजकूर अशा कुलपांत अडकून पडले असतील, याचा विचार साहित्यप्रेमी वाचकांनी करावा.

येथे मला फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होते. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले, ते मराठी असूनही रोमन लिपीत. कारण उघड होते : देवनागरीचे खिळे नव्हते. १६०८ मध्ये रोमला धाडलेल्या पत्रात त्यांनी ही अडचण मांडली होती. युरोपला चोवीस अक्षरांचे साचे पुरतात, येथे सुमारे सहाशे लागतील, असा तो हिशेब होता. साधन अपुरे होते. पण किती अपुरे आणि का, हे सांगण्यात लपवाछपवी नव्हती. आज साधन पुरेसे आहे, आणि लपवाछपवी हा धंदा झाला आहे.

पूर्वी सर्व व्यापारी साधू होते, असा माझा दावा नाही. परंतु वस्तूबरोबर वस्तूचे ज्ञान देण्याची रीत होती. वाल्वच्या रेडिओचे मागचे झाकण काढले की अनेकदा आत चिकटवलेला कागद दिसे : कोणता वाल्व कोठे बसतो, त्याचा क्रमांक कोणता. गावचा कारागीर त्यावरून रेडिओ बोलता करी. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले, ते मुळात कारखान्याचे वार्तापत्र म्हणून, आणि तेही मराठीत. नांगर आणि यंत्रे बनवणाऱ्याने आपल्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलायचे ठरवले, आणि त्यातून पुढे मराठीतील एक अग्रगण्य मासिक उभे राहिले. ज्या भाषेत लोखंडाचा नांगर समजावता आला त्या भाषेत प्रिंटरचे दोन दिवे समजावता येत नाहीत, हे कोणी मला सांगू नये.

संगणकाचाही जन्म काही गुप्ततेत झाला नाही. आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याच्या तांत्रिक पुस्तिकेत विद्युत्‌-मंडलांचे नकाशे आणि यंत्र सुरू करणाऱ्या मूळ आज्ञावलीची संपूर्ण यादी छापलेली होती. त्या उघडेपणामुळे जगभर त्याला जोडता येतील असे भाग तयार झाले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जुळवून संगणक बांधून देणारी पोरे ज्या विद्येवर जगली, ती त्या उघडेपणाची संतती. तुमच्या-माझ्या घरात पहिला संगणक आला तो त्यांच्यामुळेच परवडला.

आणि दोष लपवले की काय होते तेही याच क्षेत्राने पाहिले आहे. १९९४ मध्ये अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना आढळले की इंटेलच्या पेंटियम चिपमध्ये काही भागाकार चुकतात. चूक कंपनीला आधीच कळलेली होती. ग्राहकाला सांगितली नव्हती. बोभाटा झाल्यावर कंपनी प्रथम म्हणाली, ज्यांना खरोखर गरज आहे असे पटेल त्यांनाच चिप बदलून देऊ. लोक खवळले. डिसेंबर १९९४ मध्ये मागेल त्याला चिप बदलून देणे भाग पडले, आणि या प्रकरणापायी कंपनीने ४७५ दशलक्ष डॉलरचा खर्च हिशेबात धरला. पुढे या शतकाच्या आरंभी अनेक कंपन्यांच्या मदरबोर्डवरील डबीच्या आकाराचे कॅपॅसिटर आतील सदोष द्रावामुळे फुगू लागले, फुटू लागले. जगभर यंत्रे बंद पडली. त्या दिवसांत आपल्याकडे ग्राहकाला काय सांगितले जाई? “तुमच्याकडची वीज खराब आहे.” चोराच्या उलट्या बोंबा!

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्या म्हणतात, नकाशे दिले तर नक्कल होईल. मला नक्कल करायची नाही. गादी कोठे आहे आणि गणक कसा शून्यावर आणावा, एवढेच हवे आहे. त्या म्हणतात, अडाण्याने यंत्र उघडले तर विजेचा धक्का बसेल. मग धोका कोठे आहे हे त्याच्या भाषेत लिहा. न सांगण्याने धोका वाढतो. त्या म्हणतात, बाहेरचे सुटे भाग बनावट असतात. मग अस्सल भाग रास्त भावात विका. तुम्ही विकत नाही म्हणून बनावट विकला जातो. त्या म्हणतात, यंत्र इतके स्वस्त झाले आहे की दुरुस्ती परवडत नाही. हे मात्र सर्वांत फसवे उत्तर आहे. यंत्र स्वस्त आणि शाई महाग ठेवली, दुरुस्ती अशक्य करून ठेवली, म्हणून ते स्वस्त दिसते. मजुरी करून मुलीच्या शिक्षणासाठी जुना लॅपटॉप घेणाऱ्या आईला ‘नवीन घ्या’ हे उत्तर नव्हे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात फेकून देण्याच्या संस्कृतीवर जे कोरडे ओढले, ते भाषणात उद्धृत करून आपण मोकळे होतो. ती संस्कृती आपल्या कचेरीच्या कपाटात मेलेल्या प्रिंटरच्या रूपाने बसलेली आहे.

कायदा काय म्हणतो? ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ८४ नुसार योग्य वापराच्या पुरेशा सूचना न दिल्यामुळे हानी झाली तर उत्पादक जबाबदार धरला जातो. तत्त्व मान्य झाले. पण ते हानी झाल्यावर. दुरुस्तीची माहिती मिळणे हा हक्क त्यातून सरळ हाती येत नाही. आवेष्टित वस्तूंवरील सक्तीचा मजकूर हिंदी किंवा इंग्रजीत असला की नियमाचे समाधान होते, मराठी ऐच्छिक. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठी एक पोर्टलही उघडले. पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये याविषयी निर्देश काढला आणि सदस्य देशांना तो लागू करण्यासाठी ३१ जुलै २०२६ ही तारीख दिली. तो ठरावीक वस्तूंपुरता आहे, तरी दुरुस्तीत मुद्दाम आडकाठी घालू नये असे त्यात लिहिले गेले. आपल्या लोकप्रतिनिधींना हे विचारणे आपले काम आहे.

पण बोट दुसऱ्याकडे दाखवताना आपल्याकडेही पाहावे. आपण बिल घेत नाही. कर वाचवण्यासाठी दुकानदाराशी आपणच संगनमत करतो, आणि मग तक्रार कोणत्या तोंडाने करणार? खोक्यातली पुस्तिका आपण न वाचता रद्दीत घालतो. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जुने, बंद पडलेले संगणक शाळांना ‘दान’ देण्याची एक चाल पडली आहे. त्यांचा पासवर्ड कोणाला ठाऊक नसतो, तारा नसतात, निम्मे सुरू होत नाहीत. शाळेची एक खोली अडते, फोटो मात्र छापून येतो. ज्याला आपण भंगार म्हणून विकायला लाजतो ते गरिबाच्या मुलाला देणे हे दान नव्हे.

तेव्हा प्रत्येक कुटुंबाने एवढे करावे. यंत्र घेताना पक्के बिल घ्यावे. दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत : सुटे भाग किती वर्षे मिळतील, दुरुस्ती कोठे होईल, सूचना मराठीत मिळतील का? उत्तर बिलावर लिहून मागावे. नाही म्हटले तर दुसऱ्या दुकानात जावे. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतून तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे आपण जेथे राहतो तेथूनच तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावे लागत नाही. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. आणि गावच्या कारागिराला त्याच्या कामाचे पैसे हसत द्यावेत. त्याची विद्या टिकली तर आपली यंत्रे टिकतील.

त्या आजोबांना अखेर छापील दाखला मिळाला. तळेगावच्या त्या कारागिराने कोठून तरी गणकाची किल्ली मिळवली, गादी बदलली आणि यंत्र पूर्ववत चालू लागले. ती किल्ली कोठून आणली हे मी त्याला विचारले नाही. जे उजळ माथ्याने काउंटरवर मिळायला हवे होते ते आडवाटेने मिळवावे लागले, याची लाज त्याला नव्हे, विकणाऱ्याला वाटली पाहिजे.

दाखला छापून होईपर्यंत मी समोरची नोंदवही चाळत होतो. धर्मविधीसंहितेचे ५३५ वे कलम प्रत्येक धर्मग्रामाने नोंदवह्या ठेवाव्यात आणि जुन्याही जपाव्यात असे सांगते. त्या वहीत प्रत्येक रकान्याच्या माथ्यावर तो कशाचा आहे हे लिहिलेले आहे. सत्तर वर्षांपूर्वीच्या एका धर्मगुरूने दौतीत टाक बुडवून लिहिलेले आजोबांचे नाव मला कोणाचीही परवानगी न घेता वाचता आले. माझी १९९८ ची सूची मात्र आज मलाच वाचता येत नाही. यापुढे कचेरीत येणाऱ्या प्रत्येक यंत्राला मी त्या वहीशेजारी ठेवून पाहणार आहे. जे तिच्याइतके स्पष्ट बोलणार नाही, ते परत जाईल.